इतवारीच्या गर्दीत चालते तीच ऑटोमॅटिक गाडी ऑटोक्रॉसला चालते. पण आधी कागद, मग ब्रेक, वेग शेवटी

इतवारी (नागपूर) : शहीद चौक असो, तीन नळ चौक असो की मस्कासाथ, इतवारीत गाडी घालणाऱ्याला एकच गोष्ट आठवते, क्लच दाबून दाबून दुखलेला डावा पाय. पुढे हातगाडी, बाजूला ई-रिक्षा, मागे माल उतरवणारा टेम्पो. काटोल, उमरेड, मौदा, रामटेककडून किराणा, कपडा नाहीतर सोनं-चांदी घ्यायला येणाऱ्या अनेक घरांनी म्हणूनच अलीकडे बिनक्लचची, म्हणजे ऑटोमॅटिक गाडी घेतली. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ गाडीत एएमटी गिअर आणला आणि ऑटोमॅटिक ही फक्त मोठ्या लोकांची चैन राहिली नाही.

आता त्याच घरातली तरुण मुलं मोबाईलवर ऑटोक्रॉसचे व्हिडिओ बघतात. मातीच्या मैदानात शंकू मांडलेले, गाडी धूळ उडवत वळते, घड्याळ चालू. मग प्रश्न येतो, "आपली गाडी तर ऑटोमॅटिक आहे, याला चालते का?" उत्तर सोपं आहे. चालते. शिकायला तर चांगलीच चालते. पण घरातली एकुलती एक गाडी, तीही हप्त्यावर घेतलेली, मैदानात उतरवण्याआधी काही गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. नाहीतर एका रविवारची हौस पाच वर्षांच्या हप्त्यांना भारी पडते.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

विदर्भातल्या माणसाला हे समजवायला शंकरपट पुरेसा आहे. पटावर जोडी घड्याळावर धावते, सेकंदाच्या भागावर निकाल लागतो. ऑटोक्रॉसमध्येही तसंच. गाडी दुसऱ्या गाडीला घासून पुढे काढायची नसते. आखलेल्या वाटेवरून एकेक गाडी जाते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती सेकंद लागले ते मोजतात, ज्याचा वेळ कमी तो पुढे. काही ठिकाणी एकाच वेळी दोन गाड्या सोडतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या असतात आणि खरी लढत घड्याळाशीच असते.

फरक एवढाच की पट सरळ असतो आणि ऑटोक्रॉसची वाट नागमोडी. प्लास्टिकचे शंकू मांडून वळणं तयार करतात. शंकू पडला की ठरलेले सेकंद वेळेत वाढतात. वाट चुकली तर ती फेरी बहुतेक वेळा वाया जाते. म्हणून इथे अंगात आलेला चालक हरतो आणि नीट चालवणारा जिंकतो.

अमेरिकेत हा खेळ मोठ्या पार्किंगच्या डांबरी मैदानावर, रोजच्या वापरातल्या गाड्या घेऊन खेळतात. तिथल्या मोठ्या क्लबच्या नियमात एका शंकूला २ सेकंदांचा दंड असतो. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या, मुरमाच्या मैदानावर होतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसतं ते सगळं इथे जसंच्या तसं लागू होत नाही. मुरमावर टायर सरकतो, ब्रेक उशिरा धरतो, धुळीत पुढचं दिसत नाही.

रस्त्यावर नाही, गावच्या मैदानावरही नाही

सगळ्यात महत्त्वाचं हे. समृद्धी महामार्गावर, बायपासवर किंवा रात्री रिकाम्या पडलेल्या गावरस्त्यावर गाड्या पळवणं म्हणजे ऑटोक्रॉस नव्हे. तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेतली, तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाग घेणाऱ्यासोबत शर्यत होऊ देणाराही यात येतो.

अनेकांना वाटतं, रस्ता नको तर बाजाराच्या मैदानावर खेळू. कायद्यात "सार्वजनिक ठिकाण" म्हणजे फक्त रस्ता नाही. जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते. बाजाराचं मैदान, यात्रेची जागा तिथेही हाच नियम लागू होऊ शकतो.

आणि मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर विषयच संपला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

मग खेळायचं कुठे?

देशातल्या मोटार खेळांचा कारभार "फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया" म्हणजे एफएमएससीआय ही संस्था पाहते. फॉर्म्युला वनचे नियम करणाऱ्या एफआयए या जागतिक संस्थेशी ती जोडलेली आहे. एफएमएससीआयची मान्यता असलेली स्पर्धा असेल तरच नाव द्यावं. मान्यता नसलेल्या शर्यतीत उतरणाऱ्यावर संस्था कारवाई करू शकते, आणि अपघात झाला तर विचारायला कोणी नसतं.

मोटार खेळ महाराष्ट्राला नवा नाही. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रचं नाव देशभरातल्या चालकांना माहीत आहे. विदर्भातल्या नवख्याने मात्र एखादी मान्यताप्राप्त स्पर्धा आधी प्रेक्षक म्हणून बघावी, तीही एकदा नव्हे, दोनदा. आयोजक क्लबच्या लोकांना भेटावं. "साध्या ऑटोमॅटिक गाडीसाठी कोणता गट आहे?" हा प्रश्न तिथे विचारायला लाजू नये. बऱ्याच स्पर्धांत इंजिनाच्या आकारानुसार गट असतात. महिलांसाठी वेगळा गटही ठेवतात, त्यामुळे घरातल्या मुली-सुनांनाही यात जागा आहे.

नाव देताना साधारण हे लागतं : चालू ड्रायव्हिंग लायसन्स, एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स, वैद्यकीय तपासणीचे कागद आणि गाडीचे कागद. गाडी स्वतःच्या नावावर नसेल तर मालकाचं संमतीपत्र सोबत ठेवलेलं बरं. प्रत्येक स्पर्धेची नियमपुस्तिका वेगळी असते. हेल्मेट कोणत्या दर्जाचं हवं, गाडीत लोखंडी पिंजरा म्हणजे रोल केज सक्तीचा आहे का, बेल्ट कोणता, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. दुचाकीचं हेल्मेट चालेल असं गृहीत धरू नये. पैसे भरण्याआधी पुस्तिका पूर्ण वाचावी.

विम्याचा कागद काढा आणि वाचा

गाडीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा भाग असतो. संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, असं त्यात साफ लिहिलेलं असतं. म्हणजे मैदानात गाडी उलटली, बंपर गेला, रेडिएटर फुटला, तर खर्च स्वतःच्या खिशातून. कंपनीच्या वॉरंटीतही शर्यतीच्या वापराने झालेलं नुकसान बहुधा बाहेर ठेवलेलं असतं.

बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. गाडी गॅरेजात पडली तरी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे कापले जातातच. म्हणून घरात आधी बोलावं. ज्या गाडीने आजीला दवाखान्यात न्यावं लागतं, ती गाडी १५ दिवस बंद पडली तर चालेल का? याचं उत्तर "नाही" असेल, तर स्पर्धेसाठी जुनी, कर्ज फिटलेली दुसरी गाडी बघावी, नाहीतर थोडं थांबावं. यात कमीपणा नाही.

आपली ऑटोमॅटिक कोणती?

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. गाडीचं पुस्तक उघडून आपली कोणती ते आधी बघावं.

एएमटी : आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लचच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना किंचित झटका आणि उशीर जाणवतो. चढावर फक्त अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच जळतो. सुरुवातीच्या रेषेवर ब्रेकवर थांबावं.

टॉर्क कन्व्हर्टर : जुना, दणकट प्रकार. इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. व्हिडिओत बघून ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबून धरायची सवय लावू नये. तेल लवकर तापतं आणि गिअरबॉक्सचं काम निघालं तर बिल मोठं येतं.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात, पट्टा आणि पुली असते. पाय दिला की इंजिनाचा आवाज आधी वाढतो, गाडी मागून येते. म्हणून वळणातून बाहेर पडताना पाय थोडा आधी, पण हळुवार द्यावा.

ड्युअल क्लच : गिअर पटकन बदलतो, पण पुन्हा पुन्हा झटक्यात सुरुवात केली तर क्लच तापतो. डॅशबोर्डवर तापमानाची सूचना आली की फेरी सोडून द्यावी.

उंच एसयूव्ही, जीप प्रकारची गाडी नवख्याने टाळावी. उंच गाडी झटक्यात वळवली तर उलटण्याचा धोका जास्त. साधी हॅचबॅक किंवा सेडान बरी.

आदल्या दिवशीची तयारी

गाडीला लाल स्टिकर लावण्याआधी खालची कामं करावी :

- ब्रेक पॅड, ब्रेकचं तेल, कूलंट आणि इंजिन तेल मेकॅनिककडून तपासून घ्यावं. ब्रेकचं तेल जुनं असेल तर बदलावं.
- चाकांचे नट पान्याने नीट आवळावे. फेऱ्यांच्या मधेही एकदा बघावे.
- टायरला फट, फुगवटा नको. हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर ठेवावी. डांबरी मैदान असेल तर जाणकाराला विचारून थोडी वाढवतात. टायरच्या कडेला खडूची रेघ मारली की वळणात टायर किती झुकतो ते फेरीनंतर कळतं. हा खर्च शून्य रुपयांचा.
- बॅटरी घट्ट बांधलेली हवी.
- पाण्याची बाटली, छत्री, देवाची सुटी मूर्ती, पायपुसणी, डिकीतला जॅक, सगळं बाहेर काढावं. ब्रेकच्या खाली अडकलेली एक बाटली पुरे आहे अपघाताला.
- डिझेल-पेट्रोल निम्म्याच्या आसपास ठेवावं. भरलेली टाकी म्हणजे विनाकारण वजन.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत इंजिन, गिअरचं तेल आणि माणूस, तिघेही तापतात. पहिला अनुभव हिवाळ्यात घेतलेला बरा. पावसाळ्यानंतर मैदान बघावं. मुरूम असेल तर पकड मिळते, काळी माती ओली असेल तर चाक फिरत राहतं आणि गाडी जागेवरच.

स्पर्धेच्या दिवशी काय होतं?

सकाळी कागद तपासतात, मग गाडी तपासतात. त्यानंतर चालकांची बैठक होते. झेंड्यांचे अर्थ तिथे सांगतात, ती चुकवू नये. लाल झेंडा दिसला की ताबडतोब सावकाश होऊन थांबायचं, वेळेचा विचार करायचा नाही.

मग वाट पायी फिरायला वेळ देतात. खरा खेळ इथेच अर्धा होतो. पहिल्या फेरीत फक्त वाट पाठ करावी. दुसऱ्या फेरीत ब्रेक कुठे मारायचा ते ठरवावं. तिसऱ्या फेरीत खाली वाकून जमीन बघावी, सुटी गिट्टी कुठे, खड्डा कुठे, टँकरने पाणी मारलेला ओला पट्टा कुठे. शेवटी डोळे मिटून पूर्ण वाट मनात चालवता आली पाहिजे.

ऑटोमॅटिक मैदानात कशी चालवायची?

बसणं : पाठ सीटला पूर्ण टेकलेली, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला सहज पोचेल एवढं अंतर. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे. ऑटोमॅटिकचा मोठा फायदा हाच की गिअरसाठी हात काढावा लागत नाही. दोन्ही हात शेवटपर्यंत स्टिअरिंगवर राहतात.

गिअर : गाडी "डी" मध्ये सोडली तर पाय काढताच ती वरचा गिअर टाकते आणि वळणातून निघताना ताकद मिळत नाही. म्हणून "एम", "एस", "एल" किंवा "२" अशी सोय असेल तर ती वापरावी. छोट्या वाटेवर सुरुवात झाल्यावर बहुतेक सगळी फेरी दुसऱ्या गिअरमध्ये निघते. गाडी पळत असताना दांडा चुकूनही "एन", "आर" किंवा "पी" कडे नेऊ नये.

पाय : ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने. डावा पाय बाजूला टेकवून ठेवावा. मॅन्युअल चालवायची सवय असलेला डावा पाय घाईत क्लच समजून ब्रेकवर पडतो आणि गाडी जागेवर आपटल्यासारखी थांबते.

ब्रेक : गाडी सरळ असतानाच ब्रेक संपवावा, मग वळवावं, मग हळूहळू पाय द्यावा. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. ३० च्या वेगाला जे जमतं ते ६० ला जमेलच असं नाही. मुरमावर हे अंतर आणखी वाढतं.

नजर : ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त जाते. समोरच्या शंकूकडे बघत राहिलं तर गाडी शंकूवरच जाते. नजर पुढच्या वळणावर हवी.

सुरक्षा यंत्रणा : एबीएस आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा नवख्याने चालूच ठेवावी. बंद करून धूळ जास्त उडते, वेळ कमी होतोच असं नाही. हँडब्रेक ओढून गाडी फिरवायचा नाद तर नकोच.

फेरी संपली की लगेच इंजिन बंद करू नये. दोन-तीन मिनिटं सावकाश फिरवून ब्रेक आणि गिअरबॉक्स निवू द्यावा. घरी आल्यावर एअर फिल्टर उघडून धूळ झाडावी, खालून गाडी धुवावी, टायर आणि नट पुन्हा बघावे.

पहिल्या स्पर्धेत काय मिळवायचं?

बक्षीस नव्हे. पहिल्या दिवशी तीन गोष्टी साधल्या तरी खूप झालं : वाट चुकली नाही, शंकू पडला नाही, आणि प्रत्येक फेरीत वेळ आधीपेक्षा थोडा कमी झाला. शेजारच्या सुधारलेल्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीशी बरोबरी करायला गेलं की चूक होते. आपली तुलना आपल्याच मागच्या फेरीशी.

सुरुवातीला गाडीवर पैसे घालू नयेत. महागडं एक्झॉस्ट, रुंद टायर, स्टिकर यांनी वेळ कमी होत नाही, आणि गाडीत केलेल्या बदलामुळे परिवहन विभागाचा दंड लागू शकतो. त्याच पैशात चांगलं हेल्मेट, नवे ब्रेक पॅड, ताजं ब्रेक तेल आणि प्रवेश फी निघते. पैसे उरले तर टायर.

या खेळाचा एक फायदा मैदानाबाहेरही दिसतो. गाडी कुठे सरकते, ब्रेक किती अंतरात धरतो, नजर कुठे ठेवायची, हे एकदा बंदिस्त मैदानात कळलं की रस्त्यावर वेग दाखवायची खुमखुमी कमी होते. पुढच्या आठवड्यात तीच गाडी सामान घ्यायला इतवारीत शिरते. हातगाडी आडवी येते, मूल अचानक धावत सुटतं, आणि ब्रेक वेळेवर लागतो. त्या वेळी घड्याळ कोणी लावलेलं नसतं.